सात होड्या आणि एक माईक

३ जुलै, गुरुवार
आज चहाच्या सुट्टीत आयुष्य बदललं. मुरेनने माझी चूक काढली. आमच्या आयरिशच्या उन्हाळी वर्गाची मास्तरीण, इथल्याच किनाऱ्यावरची. म्हणाली, एक होडी ‘बॉड’, तीन ‘वॉड’, सात ‘मॉड’. आधी आकडा लागला की पहिलं अक्षर हलतं, शब्द मात्र एकवचनीच राहतो. माझंही तेच झालंय.
रविवारी होड्यांची शर्यत. लाउडस्पीकरवर तिच्या शेजारी बसून होड्या पुकारायला माणूस हवाय. तो मीच. उद्यापासून पहाटे अभ्यास.

४ जुलै
पहाट हुकली. घरमालकीण नोरीनबाईंनी चुलीसाठी पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, रचायला नेलं. पाठ मोडली. त्यांचं म्हणणं, कॉलेज अर्धवट सोडलंस, निदान हा ढीग तरी पुरा कर. वर नियम ऐकवला: इंग्रजी तोंडातून निघाली की बॅग दाराबाहेर. मला कसली भीती? इंग्रजीत फक्त शिव्या सुचतात. त्याही मनातल्या मनात.

५ जुलै
शोध! अनेक होड्यांच्या आधी ‘ना’ येतं. पण ‘त्या दोन होड्या’ म्हणताना ‘अन’, एकीला लागतं तेच. दोघं मिळून एक! ही भाषा आमच्यासाठीच घडवलीय. मुरेनला सांगितलं. म्हणाली, माणसं मोजायचे शब्द वेगळे असतात रे, तू आधी सातच्या पुढचं पाठ कर.
करेन. मुद्दा तर कळला.

६ जुलै, रविवार, दुपार
होड्या सुटल्या. मी ‘सात’ म्हणालो आणि अडलो. मुरेन कानाशी येऊन कुजबुजली, ‘मॉड’. अडलो ते बरंच झालं.
पहिली होडी कुणा कोलमनची आली. मुरेन पाण्यात धावली, बुटांसकट, आणि त्याच्या गळ्यात पडली. माझ्या हातात माईक. चालू. जे बोललो ते सगळ्या खाडीने ऐकलं. इंग्रजीत, कुठेही न अडता. पाद्रीबाबांनी टोपी काढली.

संध्याकाळ
नोरीनबाई रागावल्या नाहीत. बॅग दाराबाहेर, वर हॅमचं सँडविच. म्हणाल्या, नियम तो नियम, बाळा, पण आवाज काय खणखणीत लागला!
मुरेन काही म्हणाली का, विचारलं.
म्हणाल्या, हो, माईक कुठे ठेवलास ते विचारत होती.
खिशातच होता. टेबलावर ठेवला. उद्यापासून पहाटे
नको. बस येईल. निघतो, दार ओढून घेतो.