रुमाल बांधूनच दवाखान्यात जाते

ब्लँटायर

चि. फालेसी हिला ताईचे आशीर्वाद. देवाच्या दयेने मी बरी आहे, हे आधी वाच आणि मगच पुढचं.

माझ्या दोन वर्षांच्या खोकल्याचं कारण एचआयव्ही निघालं. मलेरियाच्या गोळ्या झाल्या, उपास-प्रार्थना झाल्या, पण ती तपासणी कुणी केलीच नाही. नर्स म्हणाली, "आजी, बायकांचं रक्त आम्ही बाळंतपणात तपासतो. तुमचं शेवटचं मूल वीस वर्षांचं. त्यात डोक्याला चर्चच्या महिला मंडळाचा पांढरा रुमाल! विचारायचं कसं?"

आता औषधं लागू पडलीत. दोन्ही वेळा पोटभर मक्याचा न्सिमा खाते.

माझा आजार कळल्यावर मंडळाच्या अध्यक्षीणबाई रुमाल परत मागायला आल्या. मी म्हटलं, "बाई, लग्नाच्या नवऱ्याशिवाय मी कुणाला ओळखत नाही. रुमाल देवाच्या नावाने बांधलाय, हवा तर त्याने मागावा." तोच बांधून मी दवाखान्यात गोळ्या आणायला जाते आणि तिथे पुढच्याच बाकावर बसते.

तुझे यजमानही माझ्या यजमानांसारखेच जोहान्सबर्गच्या खाणीत वर्षानुवर्षं एकटे राहिले. तुझा ताप अजून येतो ना? "मी देवभोळी बाई, मला काय होतंय," असं मीही म्हणत होते. उत्तरात "बघते" लिहू नकोस. "तपासून आले" एवढंच लिही.

तुझी हट्टी ताई,
एस्नाट