सलिमाची बातमी, दुरुस्तीसह

सोमवार, ९ जानेवारी १९७८

निघाला एकदाचा आमच्या अपंग मुलांच्या वर्गाच्या बातमीपत्राचा, ‘गलका’चा अंक! शेजारच्या हायस्कूलच्या सायक्लोस्टाईलवर. हँडल आमच्या गुंडूने फिरवलं. एरवी कागद दिसला की टराटरा फाडणारं पोर, पण आज त्याने एकाही कागदाला धक्का लावला नाही. शाई सगळी माझ्या पातळाला. जाऊ दे.

वर्गातल्या निम्म्या पोरांना बोलता येत नाही, म्हणून सोमवारी प्रत्येकाने घरून एक वस्तू आणायची, अशी पद्धत पाडली आहे. ती हातात घेऊन मी विचारत सुटते — हे झालं का, ते झालं का. केरबा हुंकार देतो. सलिमाच्या हाताला, मानेला ताबा नाही, पण होय असेल तर डोळे वर करते, नाही असेल तर नजर फिरवते. की लागली बातमी!

आज सलिमाच्या पिशवीत काळा पडलेला कापसाचा बोळा. बाप कल्हईवाला, भांड्यात कथील त्यानेच घासतात. त्यात विचारायचं काय? घाई होती. लिहून टाकलं — ‘सलिमाच्या वडिलांनी भांड्यांना कल्हई केली.’

मंगळवार, १०

सलिमाने आज उच्छाद मांडला. नुसता आक्रोश! आमच्या आया चिमणाबाई तिला मांडीवर घेऊन बसल्या. “पोटात दुखत आसंल बाई.” ओवा झाला, पाणी झालं. काही उपयोग नाही.

संध्याकाळी तिचे वडील न्यायला आले. नबीलालभाई गरीब माणूस, पण आज बोलले ते काळजात घुसलं. “बाई, हिला आता आजऱ्याला धाडतो, माझ्या भनीकडं. पोरगी मोठी झाली, सायकलवर बसवाय येत न्हाय. आन् हितं शिकतीया तरी काय? तुमीच सांगा.”

पंधरवडाभर थांबा म्हटलं. “बरं,” म्हणाले. शब्दाचे पक्के आहेत, तेवढंच नशीब.

बुधवार, ११

डोकं फिरलंय. आजऱ्याला नेऊन काय, कोपऱ्यात वाकळेवर टाकणार! मी जाऊ देणार नाही म्हणजे नाही.

गुरुवार, १२

आज सापडलं! सलिमा गप्प होती. पोरांना अंक वाचून दाखवायला लागले, तिच्या बातमीवर आले — आणि पुन्हा भोकाड. पुढची बातमी वाचली, गप्प. मुद्दाम मागे आले. परत भोकाड! म्हणजे पोट नव्हे, बातमी दुखतेय!

तिच्यासमोर फतकल मारून बसले. कल्हई झाली का गं? डोळे वर. अब्बांनी केली? नजर फिरवली. अम्मीने? फिरवली. चुलत्याने? फिरवली, आणि वर असा कंटाळा तोंडावर की मलाच लाज वाटली. शेवटी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून म्हटलं, “मग काय तू केलीस?”

डोळे वर! आणि तिथेच. खाली घेईना.

“काय तरीच!” चिमणाबाई म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला लिहू?

शुक्रवार, १३

नबीलालभाईंना विचारलं. आधी हसले. मग हसायचे थांबले.

“ऐतवारी लई किरकिर करत हुती. म्हनून गंमत केली. भात्याची दोरी हिच्या पायात अडकवली. भाता हालत हुता, पर आमाला वाटलं, हिचा पाय नेहमी झटकतोय तसा झटकतोय.” सलिमाकडे बघत राहिले. “तू वढत हुतीस व्हय गं?”

डोळे वर.

माणूस तिथेच पायरीवर बसला. रुमाल काढला, डोळे पुसले, नाक शिंकरलं. मीही कुठे धड होते?

सोमवार, १६

पहिल्या पानावर, चौकटीत — ‘दुरुस्ती. मागील अंकात चुकीची बातमी आली. कल्हई एकट्या वडिलांनी केली नाही. भाता सलिमाने ओढला. चुकीबद्दल संपादक दिलगीर आहेत.’

वाचून दाखवलं तर खदाखदा हसली! तोंडातला घास माझ्या अंगावर. आता नियम — डोळे वर झाल्याशिवाय एक ओळ छापायची नाही.

गुरुवार, १९

नबीलालभाई अंक घेऊन पापाच्या तिकटीच्या चौकात हिंडताहेत म्हणे. गिऱ्हाईक भांडं ठेवतं न ठेवतं तोच, “पावणं, आधी ह्ये वाचा!” आणि आज सांगून गेले — “न्हाय धाडत बाई. सायकलला खुर्ची ठोकून घेतो, पर शाळंत आनतो.”

सुटले! घरी येऊन शिरा केला. एकटीनेच खाल्ला, भरपूर तूप घालून.

शनिवार, २१

आजऱ्याची आत्या आली, चाँदबी. सलिमाला न्यायला आली होती, बेत मोडल्याचं तिला इथे कळलं. तरी वर्गात येऊन बसली. सलिमाचे केस विंचरले, पेज भरवली, आणि सारखी बडबड. “माझ्या अंगनात धा बाया काजू सोलाय बसत्यात. दिवसभर नुसत्या गप्पा! हिला मधी बसवली आसती.” सलिमा हसत होती. माझ्याकडे बघेचना.

मला राग आला, खोटं का बोलू! म्हटलं, “तिथे तिला कोण शिकवणार?” बाईने फणी पिशवीत टाकली. सोमवारी दुपारच्या एस.टी.ने एकटी परत जाणार आहे. जाऊ दे बापडी.

सोमवार, २३

मोठ्या अक्षरांत स्टेन्सिल कापली — ‘सलिमा शाळेतच राहणार!’ नियमाप्रमाणे तिला वाचून दाखवली. नजर फिरवली. पुन्हा वाचली. पुन्हा फिरवली.

“आत्याकडे जायचंय?”

डोळे वर.

“शाळा सोडून? तिथेच राहायला?”

डोळे वर. खाली घेईना.

अगं बाई! बापाने ठरवलं, मी ठरवलं, भांडले, शिरासुद्धा खाल्ला — आणि हिला विचारलं कुणीच नव्हतं. रडले थोडी. मग स्टेन्सिल फाडली, नबीलालभाईंना निरोप धाडला आणि चिमणाबाईंना पळवलं स्टँडवर — चाँदबीला म्हणावं, थांब, दोन तिकिटं काढ.