सपाट दहा टक्के

१ जुलै
नव्या शाळेतला पहिला पगार. ठरलेले अडतीस हजार, आले चौतीस हजार दोनशे! ऑफिसमधल्या योगिनी मॅडम म्हणाल्या, "टॅक्स आहे टीचर, सगळ्यांचाच जातो." एवढ्याशा पगारावर? बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणून टीव्हीवर ओरडत होते ते काय? सरकारला लाज नाही!

३ जुलै
सरकारला उगाच शिव्या दिल्या.

कोलशेतच्या शाळेतून येताना मितेशकडे गेलेले. बाळकुममधल्या निम्म्या लोकांचे रिटर्न तोच भरतो. आकडा ऐकून त्याने कॅल्क्युलेटर ओढला. मग म्हणाला, "इलेन, पगारातून असं नाही कापत. वर्षाची कमाई धरतात, तिच्यावर टॅक्स काढतात, तो महिन्यांत वाटून कापतात. तुझा वर्षाचा टॅक्सच शून्य. मग कापायचं काय?"

"मग हे कुठे गेले?"

"हे सपाट दहा टक्के. असं फीवर कापतात. शाळेच्या लेखी तू नोकरीला नाहीस. कन्सल्टंट आहेस."

कन्सल्टंट! रोज सकाळी मशीनवर अंगठा लावते, तिसरीच्या पोरांची नाकं पुसते, डबे उघडून देते — सल्ला कुणाला देते मी?

"रिटर्न भर, सगळे परत मिळतील," म्हणाला. मिळतील रे. पण जानेवारीत बाळ येणारे! नोकरीच नाही तर बाळंतपणाची रजा कसली?

४ जुलै
योगिनी मॅडमना सरळ विचारलं. मान वर न करता म्हणाल्या, "कन्सल्टंटला रजा नसते टीचर. नाही आलात तर फी नाही."

नवरोबा म्हणतात, "आत्ता भांडू नको, अशा अवस्थेत." अरे लिओ, अशा अवस्थेतच तर भांडायचंय!

७ जुलै
स्टाफरूममध्ये विषय काढला. सगळ्यांनी वह्या तपासायला घेतल्या! फक्त मंजुळा टीचर पुटपुटली, "मागे एकीने विचारलेलं. तिला पुढच्या जूनमध्ये बोलावलंच नाही."

मग प्रिन्सिपलकडे गेले. "आपण एक कुटुंब आहोत, इलेन." कुटुंब! बाळ व्हायच्या वेळी घराबाहेर काढणारं! तोंडावर सांगून आले — बुधवारी हाफ डे घेऊन वागळे इस्टेटला लेबर ऑफिसमध्ये जाणार. एकटी तर एकटी.

बाहेर आल्यावर तिसरीऐवजी पाचवीच्या वर्गात शिरले. भीतीने नाही. रागाने. बरं, थोडं भीतीनेही.

८ जुलै
योगिनी मॅडमचा फोन. वाटलं, धमकावणार. "टीचर, उद्या किती वाजता निघताय?"

"तुम्हाला कशाला?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज. मग हळूच —

"माझेही दहाच टक्के कापतात गं."