गाडीतल्या बाई काय म्हणतात

३ जून

चि. पान्यास,
अ. उ. आ.

तुझी खुशाली विचारत नाही, ती तुमच्या समोरच्या शिंपीणबाईंकडून कळली. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मी ओरडते आणि तू रेंज गेली म्हणतोस, म्हणून आपल्या घरातली भांडणं आई होती तेव्हापासून पत्रातूनच होतात.

तर बाई सांगत होत्या की आप्पा सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तुझ्या गॅरेजात जातात, त्या जपानी गाडीत बसतात आणि दुपारपर्यंत कुणा बाईशी गप्पा मारतात. आवाज गोड आहे म्हणे, पण भाषा कळत नाही. अरे, कोण आहे ही? आई गेल्यापासून आप्पा माझ्याशी ‘हं’ आणि ‘बरं’ याच्या पलीकडे बोललेले नाहीत, आणि हिच्याशी दुपारपर्यंत?

तू दुसऱ्याने वापरलेली गाडी जहाजातून मागवलीस, मी काही बोलले नाही. ती जमिनीला टेकेपर्यंत खाली घेतलीस, चांगला सायलेन्सर काढून ढणढण वाजणारा बसवलास, मागची सीट उपटून टाकलीस, का तर म्हणे वजन कमी. तेव्हाही गप्प बसले. म्हणजे बोलले, पण तू ऐकलं नाहीस. पण आता त्यात बाई? खरं काय ते लिही, नाहीतर रजा टाकून येते आणि आप्पांना घेऊन जाते. इथे आख्खा वॉर्ड सांभाळते, एक बाप सांभाळायला मला जड नाही.

वेळेवर जेवत जा. कितीही चिडले तरी तुझीच,
ताई


९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ती बाई म्हणजे गाडीच आहे. हसू नकोस. तिकडे टोल भरायला गाडीत एक डबी असते, तिच्यात कार्ड घालायचं. कार्ड नसलं की चावी फिरवल्याबरोबर डबीतली बाई अगदी नम्रपणे सांगते की कार्ड घातलेलं नाही. आपल्याकडे ते कार्ड चालतच नाही, त्यामुळे ती बिचारी रोज तेच सांगते. आम्हा गाडीवेड्यांचा त्या आवाजावर फार जीव. इंजिन बदलू, दारं बदलू, पण डबीला हात लावणार नाही.

आप्पा एकदा सहज गॅरेजात आले आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसले. ती सीट मी रेसच्या गाडीची बसवलीय, विहिरीसारखी खोल. त्यांना उठता येईना. मी गाडीखाली आडवा, गिअरबॉक्स छातीवर. त्यांनी कंटाळून चावी फिरवली, बाई बोलली, आणि आप्पांनी विचारलं की ही काय म्हणते. त्या अवस्थेत टोल, कार्ड, जपान कुठे समजावत बसू? मी म्हटलं, तुमचा गुडघा कसा आहे विचारतेय. झालं! आप्पांनी तिला गुडघ्याची साद्यंत हकिकत सांगितली. त्यांचा एवढा आवाज ऐकून माझ्या हातातला पाना नाकावर पडला.

दुसऱ्या दिवशी आप्पा पुन्हा हजर. ती पुन्हा तेच बोलली, पण मी पुन्हा गुडघाच कसा सांगू? म्हटलं, शर्ट छान दिसतोय म्हणते. तेव्हापासून मी रोज शेजारी बसून त्याच एका वाक्याचं नवं भाषांतर करतोय. कधी तिला झोपेची चौकशी असते, कधी डोळ्यांच्या नंबरची. एकदा काहीच सुचेना तेव्हा ती महागाईवर बोलली. एवढ्याशा वाक्यात एवढी महागाई कशी मावली, असं आप्पांनी विचारलं. मी सांगितलं, जपानी भाषा आटोपशीर आहे.

गाडीचं तर वाटोळं झालंय. सायलेन्सरच्या गोंगाटात तिचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून आप्पांनी जुना सायलेन्सर परत बसवायला लावला. टर्बो बघायला आलेल्या माझ्या मित्रांना ते चपला बाहेर काढायला सांगतात आणि आधी तिची ओळख करून देतात. बोनेटमधून वर उघडणारे दिवे आहेत ना, ते तिचं कौतुक केलं की लाजून मिटावेत, अशी सूचना आली. ताई, मी तसं बटण बसवलंय. बॅटरी रोज उतरते.

पण आप्पा बोलतात गं! हे खोटं उघडं पडलं तर ते पुन्हा मुके होतील, या एकाच भीतीने माझा जीव टांगणीला लागलाय. कृपा करून येऊ नकोस आणि बोलू नकोस.

राग मनात धरू नये, एवढं मागणं.
तुझा,
पान्या


१४ जून

चि. पान्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग कपाळाला हात लावला. अरे गाढवा, बापाला फसवतोस? उद्या गाडीचे सुटे भाग आणून देणाऱ्या तुझ्या पार्टवाल्याच्या तोंडून सहज निघून गेलं तर आप्पा बाईशी तर बोलणार नाहीतच, तुझ्याशीही कधी बोलणार नाहीत. आईच्या पाठोपाठ हा दुसरा धक्का त्यांना सोसायचा नाही. या रविवारी स्वतःच्या तोंडाने सांग. तुला धीर होत नसेल तर मी लिहिते.

खूप बोलले, पण प्रेम कमी झालेलं नाही.
ताई

ता. क. गाडीतल्या बाईंनी माझ्याबद्दल कधी काही विचारलं का?


२६ जून

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वॉर्डातल्या पेशंटला सांगावं तसं हळूहळू, धीर देत देत लिहिलंस की गाडीतली बाई फक्त कार्ड मागते. अगं, मी म्हातारा झालोय, बहिरा नाही. रोज तेच वाक्य, त्याच सुरात. दुसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. महागाईच्या दिवशी तर हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

तरी मी गप्प राहिलो, कारण पान्या बोलायला लागला होता. तुम्हाला सगळ्यांना वाटतं मी मुका झालो. पण तुझी आई गेली आणि हा जो गाडीखाली शिरला तो बाहेर आलाच नाही. सांत्वनाला माणसं आली की याचे फक्त पाय दिसायचे. जेवायला येई, ताट घेऊन परत गॅरेजात. मला त्याच्याशी काय बोलावं कळत नव्हतं, त्यालाही कळत नसणार. आता तो रोज माझ्या शेजारी बसतो आणि डोकं खाजवून खाजवून काहीतरी विचारतो. ते बाईने विचारलं की त्याने, मला काय फरक पडतो?

पण तुझ्या धाकापायी घोटाळा झाला. खरं सांगायची छाती होईना, म्हणून त्याने पार्टवाल्याकडून कुठलंसं जुनं जपानी कार्ड मिळवलं आणि गुपचूप डबीत घातलं. बाईची तक्रारच मिटली की खोटं बोलायलाही नको, असं त्याचं डोकं. काल मी चावी फिरवली तर नुसतं टिंग वाजलं. आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. त्याला भाषांतर करायला काही नाही आणि मला उत्तर द्यायला काही नाही. मला ते सहन होईना. कार्ड उपसलं, खिशात टाकलं आणि पुन्हा चावी फिरवली. बाई बोलली. मी पान्याला विचारलं की काय म्हणते.

त्याने हातातल्या फडक्याने गिअरचा दांडा पुसला. मग म्हणाला की ती विचारतेय, आईची आठवण येते का.

मी सांगितलं, रोज येते. आणि चावी बंद केली.

तो खिडकीकडे तोंड फिरवून म्हणाला की ती म्हणतेय, तिलाही येते.

गाडी तर बंद होती. मी म्हटलं, तिला सांग, एकटीने रडत जाऊ नकोस, माझ्याजवळ येऊन बसत जा.

तुम्हा दोघांवर माया आहेच, ती कळत असावी.
तुझे,
आप्पा