कॉलसाइनशिवाय बोलू नये

४ फेब्रुवारी २००१, रविवार

भूजच्या भूकंपाला नऊ दिवस झाले. पेपरात आलंय, तिथले टेलिफोन बंद पडले तेव्हा हॅम लोकांनी निरोप पोचवले. हॅम म्हणजे हौशी बिनतारीवाले. म्हणजे मी. एकतीस वर्षं तारखात्यात काढली, रिटायर झाल्यावर परीक्षा देऊन लायसन मिळवलं, सेट स्वतःच्या हातानं बांधला, आणि जुन्नरच्या बाजारात मी अजून 'तारवाले पोपटराव'च.

आता हे बदलणार. आजचा संकल्प: जुन्नर-आंबेगाव आपत्कालीन बिनतारी मंडळ. अध्यक्ष मी. सेक्रेटरीही तूर्त मीच.

सौ. द्रौपदाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आधी अंगणातली ती अँटेनाची तार वर घ्या, माझी वाळत घातलेली लुगडी फाटतात. थोर कार्याची सुरुवात नेहमी अशीच होत असावी.

११ मार्च, रविवार

मंडळाला पहिला सभासद मिळाला. लोणीचे सोमाजीराव. मिलिटरीत सिग्नलला हवालदार होते, लायसन आहे, माणूस शिस्तीचा. मला 'साहेब' म्हणतात. माझ्या जुन्या पार्टांतून त्यांना सेट जोडून दिला, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतो. दर रविवारी सकाळी सातला हवेत सभा भरेल. आज पहिली भरली. हजेरी शंभर टक्के.

१ एप्रिल, रविवार

शिस्तपत्रक पूर्ण. बावीस कलमं. मुख्य कलम नववं: कॉलसाइन, म्हणजे सरकारनं दिलेलं हवेतलं नाव, जो सांगणार नाही त्याच्याशी बोलू नये. सभेत सगळं वाचून दाखवलं. अठ्ठावीस मिनिटं लागली. सोमाजीराव शेवटी 'समजलं साहेब' म्हणाले. मध्ये काही बोलले असतील तर कल्पना नाही, कारण बटण दाबलेलं असलं की आपलं पलीकडे जातं, पलीकडचं आपल्याला ऐकू येत नाही.

त्यांनी एक सूचना केली. मी रानात असलो तर ठकूबाईला (त्यांचं कुटुंब) बटण दाबाय शिकवू का, अडीअडचणीला बरं पडंल. मी ठाम नकार दिला. लायसन नाही, हात नाही. आज बायको, उद्या शेजारीण, परवा अख्खी लोणी हवेत.

१४ एप्रिल, शनिवार

जयंतीच्या मांडवाशेजारी सेटचं प्रात्यक्षिक ठेवलं. बटण दाबलं आणि माझा आवाज मांडवाच्या कर्ण्यातून बाहेर पडला. भीमगीत चालू होतं, त्याच्या मधोमध मी. गायक थांबला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. जयंती मंडळाची कार्यकारिणी धावत आली आणि पोपटकाका, आजच्या दिवस तरी बंद ठेवा, म्हणाली.

एकूण जनजागृती चांगली झाली.

२९ एप्रिल, रविवार

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीकडचा एक तरुण इंजिनिअर, समर्थ नाव, मोटारसायकलवरून घरी आला. म्हणजे त्यांना माझा सल्ला हवा असणार. तो म्हणत होता, आम्ही आकाशातली फार बारीक कुजबुज ऐकतो, तुमच्या सेटमधून थोडी घाण बाहेर पडतेय. मग स्वतःच एक फिल्टर बसवून दिला. फार नम्र मुलगा. जाताना म्हणाला, काका, थोडं कमी बोला आणि जास्त ऐका.

शास्त्रज्ञांची विनोदबुद्धी वेगळीच असते.

१३ मे, रविवार

योजनेचा कणा तयार. मंचरचा जीपवाला सयाजी तयार झाला. लोणीकडचे फोन गेले आणि कुणी आजारी पडलं, तर सोमाजीराव मला हवेतून सांगणार, मी इथून सयाजीला फोन लावणार, जीप दहा मिनिटांत निघणार. जाऊन-येऊन दीड तासात माणूस डॉक्टरपुढे. सयाजी म्हणाला, राव, माणसाच्या जिवाचं काम हाय, तुमी फकस्त फोन करा, मी फोनापासून हलायचो न्हाई. कागदावर नकाशा काढून भिंतीला लावला. छान दिसतो.

५ जून, मंगळवार

दुपारी वादळ. आमचे पत्रे वाजले, तार टिकली. लोणीकडचे खांब आडवे झालेत, फोन आणि वीज दोन्ही बंद. अखेर!

(मागचा शब्द खोडावा का? राहू दे. माझ्याशिवाय कोण वाचतंय.)

आणीबाणी जाहीर केली. सोमाजीरावांनी सकाळी सहा ते रात्री दहा दर तासाला हजेरी द्यायची. सयाजीला फोनपाशी बसवलं.

६ जून, बुधवार

सतरापैकी सतरा हजेऱ्या! घराचे पत्रे उडालेल्या तीन कुटुंबांची नावं सोमाजीरावांनी सांगितली, ती मी तहसीलला कळवली. क्लार्कनं लिहूनही घेतली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं लिहून घेतलं. सोमाजीरावांचा आवाज दमलेला वाटला. पत्रे उचलून खांदा भरलाय म्हणाले, डावा हात दुखतोय. मी म्हटलं, हजेरी चुकवू नका. नाही चुकवणार साहेब, म्हणाले.

७ जून, गुरुवार, सकाळी ७.१५

शिस्तभंग. लॉगमध्ये नोंद केली, इथेही करतो.

सहाची हजेरी वेळेवर. ६.४० ला आपल्या फ्रीक्वेन्सीवर बाईचा आवाज. हालू, हालू, भाऊ, असं काहीतरी. मी कॉलसाइन विचारलं. ते काय असतं मला न्हाई ठावं, म्हणाली. आणीबाणीच्या काळात फ्रीक्वेन्सी अडवणं हा किती मोठा गुन्हा आहे! मी बटण दाबलं आणि कलम नऊ ते चौदा खणखणीत वाचून दाखवली. सहा मिनिटं. बटण सोडलं तेव्हा ती अजून काहीतरी बोलत होती, रडवेला सूर. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा सोडलं तेव्हा हवा साफ.

आवाज ओळखीचा वाटला. पण ओळखीवर रेडिओ चालत नाही. नियम म्हणजे नियम.

सकाळी ९.०५

सातची हजेरी नाही. आठची नाही. नऊची नाही. दोन दिवस डोक्यावर घेतलं की माणसं अशी सैल पडतात. सोमाजीरावांना खुलासा मागणारा मेमो लिहायला घेतला. 'आपणास विचारण्यात येते की' इथवर आलोय.

द्रौपदा म्हणाली, अहो, ती मघाची बाई कोण होती? तिचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. मी म्हटलं, टाइमपास. ती चुलीपाशी गेली.

सायंकाळी ६

हजेरी नाही. मेमो फाडला. बॅटरी उतरली असेल.

८ जून, शुक्रवार

सयाजीचा मंचरहून फोन. सोमाजीराव गेले.

काल साडेसहाला छातीत कळ आली. ठकूबाई सडकेला पळाली. वादळानं रस्त्यावर झाडं, दोन तास एक गाडी नाही. नऊला दुधाचा टेम्पो मिळाला. धाला मंचरात आणला, पण वाटंतच खेळ खलास झाला व्हता, सयाजी म्हणाला. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणायला पाहिजे होतं. मग सयाजी म्हणाला, पोपटराव, मी पाचापासून फोनापाशी व्हतो, जीपचं तोंड सडकेकडं करून. तुमचा फोन कसा आला न्हाई?

मी म्हटलं, लाइन खराब होती.

९ जून, शनिवार

शांतपणे विचार केला. एक: झाडं पडली होती, जीप तरी कशी पोचली असती? (सयाजी म्हणतो आडवाटेनं पोचली असती. तो काहीही म्हणेल.) दुसरं: ती बाई एकदाही 'छाती' म्हणाली नाही. निदान मी ऐकलं नाही. मी बोलत होतो. तिसरं म्हणजे त्यांचं वय झालं होतं. एकसष्ट. माझंही एकसष्टच आहे.

जेवण गेलं नाही.

१० जून, रविवार

सात वाजता सेट लावला. सवय. हजेरी घेतली. मी माझंच कॉलसाइन पुकारलं आणि हजर म्हणालो.

मग लायसनच्या परीक्षेचं पुस्तक काढलं. कलम नऊला आधार कुठला, ते बघायला. पान सापडलं. जीव धोक्यात असल्याची हाक कुणाचीही असो, कशीही असो, आधी ऐकावी, बाकी सगळं सोडावं. खाली माझ्याच पेन्सिलीची रेघ. शेजारी लिहिलंय: महत्त्वाचं, नक्की विचारतात.

मला विचारलं होतं. मी बरोबर उत्तर लिहिलं होतं.

१६ जून, शनिवार

सोमाजीरावांच्या दहाव्याला लोणीला जाऊन आलो. एसटीत पूर्ण वाट एकच वाक्य घोकलं: वहिनी, त्या सकाळी तुमचा नवरा माझ्यामुळे गेला. सांगायचंच, असं ठरवून उतरलो.

ठकूबाई मला बघून उठल्या. मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलू लागल्या. भाऊ, माझ्यावर राग धरू नका. मला तुमच्यासारखं बोलाय येत न्हाई. तुमी कायदा सांगत व्हता, तरी मी आपली मधी मधी बोलत राह्यले. ह्यांनी पडल्या पडल्या हातानं खुणावलं, बंद कर, सायबांच्या कामात अडथळा येतूय. म्हणून बंद केला. मला नीट सांगता आलं असतं तर ह्ये वाचले असते. माझ्याच हातनं झालं, भाऊ.

चार माणसं ऐकत होती. कुणीतरी चहाचा कप माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, वहिनी, मनाला लावून घेऊ नका. चूक कुणाच्याही हातून होते.

त्यांनी मला हात जोडले. मी जोडू दिले.