गावाची शाळा अन आपली पोरगी

बाबा, सातचा भोंगा आताच वाजला म्हणून तुम्हाले लिहायले बसली. नाहीतर मले कुठं वेळ. तुम्ही गेल्यानंतर गावात एक नवीन कायदा झाला आहे. सरकारचा नाही, आमचाच. संध्याकाळी ग्रामपंचायतीवरचा भोंगा वाजला की घराघरातले टीव्ही बंद, मोबाईल बंद, अन पोरं अभ्यासाले. दुसरा भोंगा होईपर्यंत कोणी कोणाच्या ओट्यावर गप्पा हाणायच्या नाही. मोठ्यायनं पोरायजवळ बसायचं, अन नुसतं बसायचं नाही, हातात पेपर घ्यायचा नाहीतर काही लिहायचं. नाहीतर पोरायले वाटते की शिक्षा त्यायलेच झाली. हा नियम मीच सभेत ओरडून ओरडून पास करून घेतला अन आता मलेच जड जाऊन राहिला. पेपर मी दुपारीच वाचून टाकला. नात समोर पाढे लिहून राहिली, तं मी तुम्हाले लिहून राहिली. अक्षर वाकडं आहे. चौथी शिकलेल्या बाईचं असंच राहते.

मी शाळा समितीची अध्यक्ष आहे, हे ऐकून तुम्ही हसले असते. मले अध्यक्ष काहून केलं, तं माझा आवाज मोठा आहे अन मले कोणाची भीड नाही. शाळा तीच, आपली जिल्हा परिषदेची. तुमच्या वेळी सातवीपर्यंत होती, आता चौथीपर्यंतच उरली. ज्याचं जरा बरं चालते त्याचं पोरगं टाय लावून व्हॅनमध्ये परतवाड्याले जाते. म्हणून आम्ही बायकायनं मनावर घेतलं. उन्हाळ्यात भिंतीले रंग मारला, मागच्या जागेत मेथी-पालक लावला, तो पोरायच्या खिचडीत पडते. अन संध्याकाळी आळीपाळीनं गावातून चक्कर मारतो. मागे एकदा चक्कीवाल्याच्या घरातून क्रिकेटचा आवाज आला. मी रस्त्यावरूनच ओरडली, "भाऊ, बंद करा तो डब्बा!"

"काकू, शेवटची ओव्हर हाये."

"तुमच्या पोराले सातचा पाढा येत नाई अन तुमी इथं बॉल मोजून राहिले?"

"अन तुमी कुठच्या प्रोफेसर लागून गेल्या? चौथीत शाळा सोडली ना तुमी?"

"मी नाई सोडली. माझ्या बापानं काढली!" असं म्हटलं अन आत जाऊन त्याच्या टीव्हीचं बटन दाबलं. त्याची बायको पदर तोंडाले लावून हसत होती.

पण घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. बापानं काढली. बरोबर आहे ना? मग हे मले कोणी समजावून सांगा. त्या शाळेची जुनी खोली पावसात बसली तेव्हा गावानं ठरवलं, सरकार येईल तेव्हा येईल, आपण बांधू. ज्याची बैलबंडी त्यानं नदीची रेती आणली. ज्याले काम येते त्यानं विटा रचल्या. आपली भाजीची वाडी शाळेले लागून अन विहीर आपली, म्हणून नव्या भिंतीले पाणी मारायचं तुमच्याकडे आलं. दिवस मावळते, मी बादली भरून देते, तुम्ही भिंतीवर फेकता. कोरड्या विटा पाणी पितात अन चर्र आवाज येते. आई बांधावरून ओरडते, "वांगे सुकून राहिले अन हा माणूस भिंतीले पाणी पाजून राहिला!" तुम्ही मागं वळून पाहत नाही. "वांगे पुन्हा लावता येतीन. भिंत कच्ची राहिली तं पोरायच्या अंगावर येईन." इतकं बोलून पुन्हा बादलीले हात. त्या भिंतीले अजून तडा नाही, बाबा. यंदा रंग मारताना मी सगळ्या बाजूनं हात फिरवून पाहिला.

अन त्याच भिंतीआड बसून मी चौथी पास झाली, त्या उन्हाळ्यात तुम्ही जेवता जेवता म्हणाले, "आता पुरे झाली शाळा. माझ्यासंगं बाजारात येत जा. जुड्या बांधायले माणूस पाहिजे." झालं. माझ्या वर्गातल्या पोरी त्या खोलीत पाचवी शिकल्या, सहावी शिकल्या. मी भिंतीच्या अल्याड मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधत राहिली. दुसऱ्यायच्या पोरायच्या अंगावर भिंत येऊ नये म्हणून ज्यानं आपले वांगे सुकवले, त्यानं आपली पोरगी त्याच भिंतीच्या बाहेर काढली. हे कसं काय? तुम्ही वाईट नव्हते. वेडेही नव्हते. मग काय होते?

इतके वर्ष मी हे विचारलं नाही. आता विचारते, काहून तं तेच माझ्या घरात होऊन राहिलं. तुमचा नातू, माझा पोरगा, परवा म्हणते, "आई, पोरीले यंदा परतवाड्याच्या इंग्लिश शाळेत टाकतो. व्हॅन दारात येते. एकच जागा उरली हाये, दोन दिवसात व्हॅनवाल्याले सांगाचं हाये."

मी म्हटलं, "अन मी गावभर बोंबलत फिरून राहिली, आपल्या शाळेत टाका, आपल्या शाळेत टाका, ते काय मग?"

"ते गावासाठी, आई. हे आपल्यासाठी."

इतक्या सहज म्हणाला जसं मीठ मागावं. मले राग यायले पाहिजे होता. पण मी त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिली. तो नाकानं अन कपाळानं तुमच्यावरच गेला आहे.

काल मी शाळेत गेली अन बाईले सांगितलं. बाई अमरावतीची आहे, रोज गाडीवर येते, पोरं तिच्या मागं मागं फिरतात. ती खडूचे तुकडे डब्यात भरत राहिली. मग म्हणाली, "काकू, तुमची नात गेली तर तुमच्या गल्लीतली बाकीची मुलंही जातील. पट कमी झाला की दोनातला एक शिक्षक जाणार. पण मी तुम्हाला थांबा म्हणू शकत नाही. माझा मुलगा अमरावतीत इंग्लिश शाळेतच आहे." हे सांगताना तिचा चेहरा असा झाला की मीच तिले पाणी दिलं. आता तुम्हीच सांगा, कोणाले बोलावं? पोराले बोलावं, तं बाईचंही तेच. बाईले बोलावं, तं ती जीव तोडून शिकवते. तुम्हाले बोलावं, तं भिंत उभी आहे.

काल रात्री पोरगा पुन्हा त्याच गोष्टीवर आला. म्हणे, "तू नाई म्हणशीन तं नाई टाकत. पण मोठी झाल्यावर तिनं विचारलं, मले काहून नाई पाठवलं, तं उत्तर तू द्याचं." अन जेवायले बसला. गावातल्या साऱ्या दारात जाऊन मी भांडू शकते. या एका वाक्यावर मी त्याले नुसती भाकर वाढली. तुम्ही गावाच्या पोरायसाठी भिंत बांधली अन आपली पोरगी बाहेर काढली. तो पण आपली पोरगी बाहेरच काढून राहिला, पण त्याची वर जाईल, मी खाली आली. मग हे सारखं आहे की उलटं? मी दोन दिवस झाले डोकं खाजवून राहिली. एका घडीले वाटते, जाऊ दे, शिकू दे इंग्रजी, माझ्या अध्यक्षपणापायी तिचं काहून नुकसान. दुसऱ्या घडीले वाटते, हीच गेली तं मी कोणत्या तोंडानं चक्कीवाल्याचा टीव्ही बंद करू.

आता हे लिहिता लिहिता मनात आलं, पोरीले कोणी विचारलंच नाही. तं विचारलं. "काय गं, व्हॅनच्या शाळेत जाशीन का?"

तिनं मान पण वर केली नाही. "जाईन ना. व्हॅनमंधी गाणे लागतात, आजी."

"अन इथली बाई?"

"ते पण घेऊ ना व्हॅनमंधी."

मले हसू आलं, अन मग ते तिथंच थांबलं. बाबा, एक गोष्ट मी कोणालेच सांगितली नाही. चक्कीवाल्याले नाही, नवऱ्याले नाही, आईले पण नाही. तुम्ही जेवता जेवता शाळा पुरे म्हणाले, तेव्हा मी रडली नव्हती. मी खुश झाली होती. बाजार म्हणजे बंडीवर बसायचं, गरम भजे, माणसं, गलका. मी तं त्याच संध्याकाळी आपली पाटी शेजारच्या पोरीले देऊन टाकली अन सकाळी तुमच्या आधी बंडीत जाऊन बसली. तुम्ही विचारलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं, जाईन ना. राग फार मागून आला, माझा पोरगा पहिलीत गेला अन मले काही विचारायले लागला तेव्हा. तोपर्यंत तुम्ही गेले होते. मग मी तो सगळा राग तुमच्यावर टाकला, अन तो तिथं बरा राहिला.

लेकराच्या 'जाईन ना'वर मोठ्यायनं ठरवू नये. आता उठते अन पोराले नाही म्हणून सांगते. चौथीपर्यंत इथंच, पुढचं पुढं पाहू. बरोबर करून राहिली की नाही, मले खरंच समजत नाही. उद्या नात मोठी होईल अन म्हणेल, माझ्या आजीनं अडवलं, अन आपल्याले तं फक्त व्हॅनमधले गाणे पाहिजे होते, हे तिले आठवणारही नाही. म्हणू दे. पण तुमच्यावरचा तो एवढ्या वर्षांचा राग, तो मी आता कुठं ठेवू?