सोनाराच्या काट्यावर

दादा,

इकडे सगळं ठीक आहे असं दर पत्रात लिहितो, ते यावेळी लिहीत नाही. प्रोस्टेटच्या ऑपरेशनपासून माझी लघवी थांबत नाही. वर्ष झालं, पॅड लावून फिरतो.

हॉस्पिटलात या दुखण्यावरच्या औषधाचं संशोधन चालू आहे, त्यात मी नाव घातलंय. पॅड लावण्याआधी आणि काढल्यावर तोलायचा आणि फरक वहीत लिहायचा. चाळीस वर्षं सोनं तोललेला माणूस मी. त्यांचा वजनकाटा परत केला आणि दुकानातला माझा काढला. तुझी भावजय म्हणाली, “आता यावर हे?” मी म्हटलं, काट्याला लाज नसते.

परवा डॉक्टरबाईंनी आम्हा बावीस जणांच्या वह्या तपासल्या. एकवीस वह्यांत रोज एकच शब्द, ‘कोरडा’. सगळ्यांनी लाजेपायी थापा मारलेल्या. माझी वही वर धरून बाई म्हणाल्या, “सोनारकाका, ही नसती तर औषध लागू पडलं म्हणून आम्ही मोकळे झालो असतो.” दादा, उभ्या आयुष्यात माझी मान इतकी ताठ झाली नव्हती.

तू दोन वर्षं कुणाच्या लग्नाला गेला नाहीस. गुडघ्याचं कारण सांगतोस. गेल्या खेपेला तुझ्या खुर्चीवर दुमडून ठेवलेला जाड टॉवेल मी पाहिला.

तुला आलेली पत्रं तुझी सूनबाई मोठ्याने वाचून दाखवते, म्हणून हे टपालात टाकत नाही. रविवारी हे घेऊन मीच येतो. एक कोरी वही आणि काटा पिशवीत घातलाय.

तुझा धाकटा